हॉकीची मॅच बंद पडली तर मला एकही फोन का येत नाही?

खडकीचा केबलवाला (२४ ऑगस्ट २०२५)

नमस्कार मंडळी. मी खडकीत १९९६ पासून केबल चालवतो. एके काळी साडेआठशे घरं होती, आता तीनशेच्या आत आलोय, पण ते रडगाणं नंतर कधीतरी. वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत. आमच्याकडे पोरगं नीट चालायला लागलं की हातात स्टिक यायची, नाहीतर बाभळीची वाकडी फांदी. धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. सगळ्यांना माहीत आहे, तरी आम्ही सांगतोच.

तर प्रश्न असा. माझ्याकडे तक्रारींची एक वही असते. तारीख, वेळ, बिल्डिंग, काय बंद. टीआरपी मोजणारे ते बार्कचे मीटर सगळ्या देशात मिळून पन्नास-साठ हजार घरांत. माझ्या लायनीत एखादा असला तरी मला कळणार नाही. माझं मीटर म्हणजे ही वही.

३ जूनला आयपीएलची फायनल होती, बंगळुरू आणि पंजाब. दुसरी इनिंग सुरू असताना मागच्या गल्लीतला ॲम्प्लिफायर गेला, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. सहा मिनिटं बंद. तेवढ्यात फोन इतके आले की मोबाइल शेवटी बायकोकडे दिला आणि मी शिडी उचलली. शिडीखाली बनियनवर आठ-दहा जण उभे, आणि त्यातला एक मला वरून कुठली वायर कापायची ते शिकवतोय.

आता दुसरं पान. ५ ऑगस्ट २०२१, सकाळी सात. टोकियो, ब्राँझची मॅच, समोर जर्मनी. रस्ता खोदणाऱ्यांनी माझी फायबर उचलून तोडली. मी चिखलात बसून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं काम, करतोय, मांडीवर मोबाइल. १-३ ने मागे होतो, तिथून ५-३. मग ५-४. शेवटचे सहा-सात सेकंद उरलेले आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोल मारायची आयती संधी. आपल्या गोलकीपरने, श्रीजेशने, तो अडवला तेव्हा माझ्या हातातून फायबर निसटली, पुन्हा सोलावी लागली. ४१ वर्षांनी ऑलिंपिकचं पदक. लाइन चाळीस मिनिटं मेलेली. आणि वहीत फोन किती? चार. एकाला भजनाचा चॅनल हवा होता, एकीच्या मुलाचं कार्टून गेलेलं, एकाला नेट हवं होतं. चौथा आला साडेनऊला, तोवर लाइन सुरूही झाली होती. म्हणाला, "हॉकीत जिंकलो म्हणे, कुठल्या नंबरवर लागतं ते?"

खडकीत, बरं का. मिरजेत सतारीला गिऱ्हाईक नाही म्हटल्यासारखं झालं.

८ सुवर्णपदकं असलेला खेळ आहे हा. कबड्डी २०१४ ला टीव्हीवर आली आणि आईशपथ, पुणेरी पलटण फायनलला होती तेव्हा मला फोन आलेत, वहीत आहेत. मग हॉकीचं काय बिनसलं? खेळ टीव्हीचा नाही, का दाखवता येत नाही, का आपणच लबाड? क्रिकेटला शिव्या घालायच्या असतील तर कृपया दुसरा धागा काढा, माझं घर क्रिकेटवर चालतं.

ओबी व्हॅन (२४ ऑगस्ट)

दादा, मी मुंबईत कॅमेऱ्यामागे अठरा वर्षं काढली आहेत. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, थोडीफार हॉकी.

लोक म्हणतात बॉल लहान, दिसत नाही. थाप आहे. क्रिकेटचा बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅम, हॉकीचा १५६ ते १६३. घेरही जवळपास तेवढाच. फरक एवढाच की क्रिकेटचा बॉल कुठून निघणार आणि कुठे पोचणार हे मला आधी ठाऊक असतं. बावीस यार्ड. त्यानंतर तो कुठेही जाऊ दे, मधे निवांत वेळ असतो. कबड्डीचं मैदान तर १३ बाय १० मीटर, चौदा माणसं एका फ्रेममध्ये मावतात, वर एक लाइट टाकला की झालं. हॉकीचं मैदान ९१.४० बाय ५५. बॉल काठ्यांच्या आणि पायांच्या जंगलात. वाइड घेतला तर बॉल हरवतो, टाइट घेतला तर पास कुणाला गेला ते कळत नाही. लंडनला २०१२ मध्ये निळं टर्फ, गुलाबी कडा आणि पिवळा बॉल आणला ना, तेव्हा आमच्या लोकांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पण मला विचाराल तर खरी अडचण शिट्टीची आहे. क्रिकेटमध्ये अंपायर हात पसरतो, बोट वर करतो, आजीलाही कळतं. हॉकीत शिट्टी वाजते आणि घरी बसलेल्याला कळतच नाही की का वाजली. पायाला लागला? आडवा आला? धोकादायक उडवला? कॉमेंटेटर सांगायला तोंड उघडतो तोवर फ्री हिट घेऊन बॉल पन्नास मीटर पुढे. लहानपणी खेळलेल्याला शिट्टी ऐकूनच समजतं. इतरांना दहा मिनिटांत वाटायला लागतं की आपण परक्या घरच्या लग्नात आलोय.

गोलचंही तेच. ड्रॅग फ्लिक मारली, म्हणजे स्टिकने बॉल ओढून गोलकडे भिरकावला, की गोलमधल्या फळीचा खट् आवाज ऐकू येतो. गोल खरा दिसतो रीप्लेत.

आणि जाहिराती. टी-ट्वेंटीत दर ओव्हरनंतर खिडकी, शिवाय इनिंगमागे अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट. हॉकी आधी ३५-३५ मिनिटांची होती, मधे श्वास नाही. २०१४ ला १५ मिनिटांचे चार क्वार्टर केले, पेनल्टी कॉर्नर मिळाला की ४० सेकंद घड्याळ थांबवायला लागले. तेवढ्यात आम्ही रीप्ले दाखवायचा का टूथपेस्ट? आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. ४१० मॅचेस. भागाकार तुम्हीच करा, एका मॅचला ११८ कोटींच्या आसपास येतात. तो पैसा खेळापेक्षा त्या खिडक्यांचा आहे.

टिवल्याबावल्या (२४ ऑगस्ट)

एवढं कशाला. पदक आलं की चौकात फ्लेक्स लावायचा, चार वर्षं झोपायचं. फ्लेक्सवर खेळाडूंपेक्षा नगरसेवक जास्त. संपला विषय.

ब्रॅम्प्टनकर (२५ ऑगस्ट)

ओबी व्हॅन साहेब, तुमचं पटतं, पण अर्धंच.

मी मूळचा पिंपरीचा, गेली सोळा वर्षं टोरांटोशेजारी ब्रॅम्प्टनला. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, पुढे 'आइस' लावलं की माणूस नवखा हे लगेच कळतं. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्याने विचारलं, हॉकी खेळतोस का? मी अभिमानाने सांगितलं, कॉलेजात राइट-इन होतो. त्याने शनिवारी सकाळी सहाला रिंकवर बोलावलं. मी गेलो कॅनव्हासचे बूट घालून. पुढचं सांगत नाही, माकडहाड अजून थंडीत दुखतं.

मुद्दा हा, की त्यांची चकती तुमच्या बॉलपेक्षाही वाईट. काळं रबर, तीन इंच व्यास, एक इंच जाड, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. १९९६ मध्ये अमेरिकेत फॉक्स वाहिनीने त्या चकतीतच इलेक्ट्रॉनिक्स बसवलं. पडद्यावर तिच्याभोवती निळी आभा दिसायची आणि ताशी ७० मैलांच्या वर गेली की मागे लाल शेपटी. हेतू एकच, अमेरिकन माणसाला चकती दिसावी. जुन्या प्रेक्षकांनी इतकी थट्टा केली की दोन वर्षांत प्रकरण गुंडाळलं. इकडे कॅनडात शेपटीबिपटी काही न लावता माझी शेजारीण, वय ७८, स्वेटर विणता विणता चकती बघते. तिला ती दिसते, कारण ती कुठे असणार हे तिला माहीत असतं.

एकच लीग, त्याच टीम्स, तीच चकती. सीमेच्या या बाजूला धर्म, त्या बाजूला त्यांचा फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल यांच्यानंतर चौथा नंबर. २०२४ ला स्टॅनले कपची, म्हणजे या लीगच्या कपाची, फायनल सातव्या मॅचपर्यंत ताणली गेली, फ्लोरिडा आणि एडमंटन. याहून चांगलं नाट्य कुठलं? अमेरिकेत ती पाहिली पाऊण कोटीच्या आसपास लोकांनी. त्याच वर्षीचा सुपर बोल, म्हणजे त्यांच्या फुटबॉलची फायनल, बारा कोटींच्या वर.

"जिंकलं की बघतील" हेही खरं नाही. टोरांटोने शेवटचा कप घेतला १९६७ ला. कॅनडात कप शेवटचा आला १९९३ ला, माँट्रियलकडे. तरी शनिवारी संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे. का? कारण १९५२ पासून टीव्हीवर शनिवारची रात्र हॉकीची आहे, त्याआधी रेडिओवर होती. सोमवारचा उपास विचारून धरत नाहीत, तसं.

आणि आपल्याला चटका लावणारी गोष्ट म्हणजे २००८ पासून ती इथे पंजाबीतही होते. हरनारायण सिंग नावाच्या मुलाची कॉमेंट्री ऐका एकदा, २०१६ च्या फायनलला बोनिनो नावाच्या खेळाडूने गोल केला तेव्हा या पठ्ठ्याने "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" असा जो गजर केला तो सगळ्या अमेरिका खंडात फिरला. माझ्या गल्लीतल्या पंजाबी आज्या, ज्यांनी बर्फ पन्नाशीनंतर पाहिला, त्या आता ऑफसाइडवरून भांडतात. मी भारतात पंचवीस वर्षं काढली, हॉकीची मराठी कॉमेंट्री टीव्हीवर एकदाही ऐकली नाही. तुम्ही ऐकलीत?

रेंजहिल्सची मावशी (२५ ऑगस्ट)

केबलवाले दादा, मी तुमच्याच बाजूची, आता मुलीकडे बाणेरला असते. सत्तरी ओलांडली.

तुम्ही सगळे तरुण लोक कॅमेरे आणि जाहिराती बोलताय. मी तुम्हाला एक तारीख सांगते, १ डिसेंबर १९८२. दिल्लीचं एशियाड. रंगीत टीव्ही आला आला म्हणत होते, आमच्या चाळीत मात्र ब्लॅक अँड व्हाइट आणि तोही एकच, देशपांड्यांकडे. सिंहगडावरून सिग्नल यायचा, वारा सुटला की अँटेना फिरवायला पोरगं कौलावर. त्या दिवशी दारातल्या चपलाच शंभर असतील. पाकिस्तानशी फायनल. पहिला गोल आपला झाला, एवढा गलका की खालच्या मजल्यावरचे घाबरून वर आले. आणि मग एक, दोन, तीन... सात. सात-एक! सहाव्या गोलनंतर देशपांडे काकूंनी टीव्ही बंद केला नाही, नुसता आवाज बारीक केला. बायका एकेक करून उठून गेल्या. गोलकीपर नेगींना लोकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही, त्या माणसाने वर्षानुवर्षं भोगलं.

मग २५ जून १९८३. टीव्ही तोच, चपला त्याच. कपिलच्या हातात कप.

मधे पावणेसात महिने गेले असतील. आमच्या चाळीने टीव्हीवर सगळ्यांनी मिळून बघितलेली पहिली मोठी हॉकी ती, आणि पहिलं मोठं क्रिकेट हे. माझे यजमान फॅक्टरीच्या टीममधून हॉकी खेळायचे, त्यांनी त्या डिसेंबरनंतर टीव्हीवर हॉकी बघितली नाही. मैदानावर जायचे, टीव्हीवर नाही.

आणि अजून एक, हे मात्र मनात राहिलंय. त्याच एशियाडमध्ये आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. कॅप्टन कोण? एलिझा नेल्सन, आपल्या पुण्याची. मला त्यांची एकही मॅच टीव्हीवर बघितल्याचं आठवत नाही. सात-एक मात्र गोल गोल आठवतो.

खडकीचा केबलवाला (२६ ऑगस्ट)

मावशी, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझे वडीलही त्या दिवसाबद्दल बोलायचे नाहीत, मला वाटायचं त्यांना आठवत नसेल.

पण ८२ चं दुःख घेऊन बसणारे आता किती उरले? माझ्या लायनीतली निम्मी पोरं २००० नंतरची. त्यांना नेगी माहीत नाहीत. त्यांना सात-एक सांगितलं तर विचारतील, शूटआउट होतं का.

ब्रॅम्प्टनकरांचा शनिवार मात्र डोक्यात बसला. रात्री वही उघडून बसलो, जुन्या वह्यासुद्धा. हॉकीची म्हणून जी नोंद आहे, ती बहुतेक "बंद का पडली" अशी नाहीच. "कुठे लागते" अशी आहे. २००५ ला प्रीमियर हॉकी लीग आली, इएसपीएनवर. आपली मराठा वॉरियर्स होती, कुणाला आठवतेय? २००८ ला खलास. त्याच वर्षी आपण ऑलिंपिकला पात्रसुद्धा ठरलो नाही. २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकी, त्यात पुणे स्ट्रायकर्स, मॅचेस नेहरूनगरला, मी दोनदा गेलो. एकच वर्ष. फेडरेशनच्या भांडणात गेली. २०१३ ला हॉकी इंडिया लीग, मुंबईची टीम होती, २०१७ नंतर बंद. सात वर्षांनी, डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू, दूरदर्शनवर आणि सोनी लिव्हवर, राउरकेला आणि रांचीत. महाराष्ट्राची टीमच नाही! धनराजच्या गावात बसून मी कुणासाठी ओरडू, हैदराबादच्या तुफान्ससाठी का ओडिशाच्या लान्सर्ससाठी?

म्हणजे वीस वर्षांत चार लग्नं आणि दर वेळी बिऱ्हाड बदललेलं. कबड्डी २०१४ पासून, करोनाचं २०२० सोडलं तर, दर वर्षी येते, रात्री जेवणाच्या वेळेला. लोकांचा हात आपोआप त्या बटणावर जातो.

त्यात फेब्रुवारी २०१९. ट्रायचा, म्हणजे केबल-टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आला, ज्याने त्याने चॅनल निवडायचे. मी घरोघरी फॉर्म घेऊन फिरलोय. स्पोर्ट्सचा चॅनल १९ रुपये अधिक जीएसटी. बाई विचारायची, "यात क्रिकेट आहे ना? मग तो एक ठेवा, बाकीचे काढा." त्या बाकीच्यांत हॉकी निघाली. पूर्वी माणूस चॅनल बदलता बदलता हॉकीवर अडखळायचा आणि पाच मिनिटं थांबायचा. ते अडखळणंच बंद झालं. तो फॉर्म मी स्वतःच्या पेनने भरलाय.

असो. २९ तारखेपासून राजगीरला आशिया कप आहे. एक गोष्ट करून बघतो, मग सांगतो.

ओबी व्हॅन (२६ ऑगस्ट)

मुंबईचं राहिलं. २०११ च्या एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तानविरुद्ध विजयी पेनल्टी मारली ती युवराज वाल्मीकीने, चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमजवळ वाढलेला पोरगा. त्याच्या घरात वीज नव्हती, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. तिथून क्वीन्स नेकलेस, म्हणजे मरीन ड्राइव्हची ती दिव्यांची माळ, चालत पाच मिनिटांवर. आम्ही कॅमेरे घेऊन गेलो होतो, लाइट आमचे आम्हीच नेले.

खडकीचा केबलवाला (९ सप्टेंबर)

उशीर झाला, गणपतीत केबलवाल्याला मरायलाही फुरसत नसते. मांडवासाठी वायरी उचला, मिरवणुकीसाठी उचला, डीजेच्या गाडीसाठी पुन्हा उचला.

काय केलं ते सांगतो. माझ्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एरवी त्यात फक्त बिलाची आठवण. आमच्या लोकल चॅनलवर खाली पट्टी फिरते, क्लासेस आणि साड्यांच्या सेलची. दोन्हीकडे टाकलं: "आशिया कप, भारत वि. चीन, आज, नंबर ३१२." पाच मिनिटांत पहिला मेसेज, "काका, ९ तारखेपासून आहे ना? आणि चीन कधीपासून क्रिकेट खेळायला लागला?" दुबईचा क्रिकेटचा आशिया कपही याच महिन्यात! दुसरा म्हणतो, "केबलवाल्याला भांग चढली." तिसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक ओळीत हॉकी शब्द दोनदा घालायला लागलो.

चीनला ४-३, जपानला ३-२ हरवलं. सगळ्या मॅचेस एकाच नंबरवर, हे माझं नशीब. कझाकस्तानला १५-० झाल्यावर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हा स्कोअर का पिन कोड?" पण लिहिलं! म्हणजे बघितली. कोरियाशी २-२ ला एक आजोबा ग्रुपवर व्हॉइस नोट टाकून पेनल्टी कॉर्नर कसा मारायचा ते सव्वा मिनिट सांगत होते. ६ तारखेला, विसर्जनाच्या दिवशी, चीनला पुन्हा गाठून ७-० केलं, ती मात्र कुणीच बघितली नाही. सगळे मिरवणुकीत, मीसुद्धा, बांबूने वायरी वर धरून.

७ तारीख, रविवार, साडेसातला फायनल, कोरियाशी. सुखजीतने पहिल्याच मिनिटाला गोल मारला, मी दुकानात उभा राहून ओरडलो. आठ वाजून पाच मिनिटांनी फोन. मांडवाचे बांबू नेणाऱ्या टेम्पोने गल्लीतली वायर ओढून नेली होती. पलीकडून एक माणूस, रिटायर्ड, एरवी माझ्याशी फक्त भांडायला बोलतो.

"केबलवाले, हॉकी बंद पडलीय. लवकर या."

मी दोनदा विचारलं, काय बंद पडलंय? तो चिडला, "हॉकी, हॉकी! कान गेले का तुमचे?"

शिडी घेऊन पळालो. नवा कनेक्टर लावायला दहा मिनिटं गेली. खिडकीतून तो मला मोबाइलवरचा स्कोअर ओरडून सांगत होता. ४-१ ने जिंकलो तेव्हा मी त्याच्याच सोफ्यावर, पायात बूट तसेच.

परत येऊन वहीत लिहिलं: ७/९/२५, रात्री ८.०५, हॉकी बंद. त्याचं जुलैपासूनचं बिल बाकी आहे. त्या दिवशी मागितलं नाही.